परशुराम आबांनी घातलेलं गाऱ्हाणं

परशुराम आबांचा आवाज असा खणखणीत, की ते रवळनाथाच्या देवळात बोलले तर बंदरावर जाळी दुरुस्त करणाऱ्यांनी मान वर करावी. देवापुढे नारळ ठेवून गावाच्या वतीनं गाऱ्हाणं घालायचा मान त्यांच्या घराण्याचा. आबांनी एकेक मागणं म्हणायचं आणि जमलेल्यांनी हात जोडून "व्हय म्हाराजा" म्हणायचं. माणूस भलताच हेकट, घरात कधी कुणाचं ऐकलं नाही. पण देवापुढे खोटा शब्द काढला नाही, हेही तितकंच खरं.

यंदा जत्रेला आमदार आले. किनाऱ्यावरच्या रिसॉर्टला रस्ता हवा म्हणून त्यांनी विधानसभेत तावातावानं भाषण ठोकलं होतं. त्या रिसॉर्टमध्ये आपल्याच बायकोची भागीदारी आहे, एवढंच सांगायचं सोयीस्कर विसरले. वाडीतली सुभद्रा काजूच्या कारखान्यात काम करते. तिनं थेट विधिमंडळाकडे तक्रार केली, आणि आमदारांच्या वागणुकीची चौकशी करणाऱ्या समितीनं तिला साक्षीला मुंबईला बोलावलं. आमदारांनी समितीला कळवलं, हा एकट्या बाईचा आकस, गाव माझ्या बाजूनं आहे. तेच दाखवायला स्वारी देवळात हजर.

"आबा, ही तक्रार उडान जांव दी, असा गाराणा घाला," नारळ पुढे करत ते म्हणाले.

सुभद्रा खांबाआड उभी होती. तिच्याविरुद्ध गाऱ्हाणं पडलं असतं, तर मुंबईला जायला तिचं पाऊल उचललं नसतं. माणसांशी ती भांडली असती, देवाशी कशी भांडणार? आणि आलेला नारळ परत करायची तर रीतच नाही. आबांनी नारळ घेतला.

"बा देवा रवळनाथा, आज ह्यां तुझां लेकरू तुझ्या पायाकडे इलां आसा."

"व्हय म्हाराजा."

"तेच्यावर तक्रार झाली आसा. ती खोटी आसात, तर वाऱ्यावर उडवन टाक."

"व्हय म्हाराजा." आमदारांचा आवाज सगळ्यांत मोठा.

"आणि खरी आसात, तर तेच्याच तोंडातसून खरा ता वदवन घे."

"व्हय म्हाराजा!" सगळं देऊळ घुमलं. सवयीनं आमदारही बोलून गेले, डोळे मिटून, हात जोडून. डोळे उघडले तेव्हा त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

कार्यकर्ते आबांच्या अंगावर आले. पुन्हा घाला म्हणाले.

"घातलेला गाराणा मागे घेवक येत नाय," आबा म्हणाले आणि प्रसाद वाटायला लागले. मनातून त्यांना अगदी मोकळं वाटत होतं.

साक्षीला सुभद्रासोबत आबाच मुंबईला गेले. ती आत, ते बाहेर बाकावर. ती बाहेर आली तशी त्यांनी विचारलं, "काय गो, काय विचारल्यानी?"

"गाव कोणाच्या बाजून आसा, म्हणान."

"मगे?"

"मी सांगितलंय, गावान देवासमोर व्हय म्हटला आसा. आमदारांनी पण."

"आणि आमदार?"

"तेनी आपणच सांगितल्यानी, भागीदारी बायलेची आसा."