दोन भाऊ, दोन होड्या

मंगळवारी सकाळी फिलिपिन्समधल्या इलोइलोतल्या आमच्या फेरीबोट कंपनीचे सातही बंदरांतले फोन मुके झाले, ते माझ्यामुळे. वादळाचा पहिला इशारा लागलेला, बोट सुटणार का म्हणून लोक फोनवर फोन करत होते, आणि मी सर्व्हरची मेमरी वाढवत होतो.

फोन, निरोप, बैठका चालवणारे आमचे सर्व्हर लोखंडी पेटीत बिऱ्हाडं करून राहतात. एका पेटीत पाच-सहा. पेट्या दोन: एक ऑफिसात, दुसरी धक्क्यावरच्या गोदामात. फोनचा मुख्य सर्व्हर एकीत, त्याचा राखीव जोडीदार दुसरीत, असा माझ्या वरिष्ठ क्लोतिल्देंचा आराखडा; त्यांना सगळे मानांग म्हणतात, म्हणजे ताई. मला नीटनेटकेपणाची हौस. ऑफिसातल्या पेटीत जागा दिसली, दोघांना तिथंच नेऊन ठेवलं, आणि मेमरीसाठी तीच पेटी बंद केली.

अकरा मिनिटं.

मानांग पूर्वी इथंच ऑपरेटर होत्या, बोर्डात वायरी खोचून कॉल जोडायच्या. नंतर सगळं शिकल्या. अजून आराखडा आधी पेन्सिलीनंच काढतात: कुठल्या बंदरातून एका वेळी किती जण बोलतील, तेवढ्यांना लाइन पुरेल का. नेहमीचा दिवस मोजत नाहीत, वादळाचा मोजतात.

व्यवस्थापक डेल्फिन सर तणतणत आले. "दोन-दोन पेट्या घेऊन दिल्या, तरी फोन गेले? शुक्रवारी मी स्वतः एका पेटीची वायर उपटतो. बोलणं तुटलं, तर दुसरी पेटी परत आणि तुमचं काम मनिलाच्या कंपनीला."

ते गेल्यावर मी म्हटलं, "मानांग, मी सांगून टाकतो त्यांना."

"गप रे, तोतो." इथं लहान पोराला तोतो म्हणतात. "आधी भावांना वेगळं कर. आमच्या कोळीवाड्यात दोन सख्खे भाऊ एका होडीत बसत नाहीत. तुमच्याकडे बसतात का?"

"आमच्याकडे होडीच नाही."

"म्हणूनच."

मी भाऊ वेगळे केले: राखीव सर्व्हर पुन्हा गोदामातल्या पेटीत. मानांगनी तो नियम यंत्रातच घातला. आता कुणी त्यांना एकत्र बसवायला गेलं, तर यंत्रच नकार देतं.

शुक्रवारी त्यांनी एस्तान्सिया बंदरातल्या तिकीटवाल्या नोनोयला फोन लावला आणि सुक्या मासळीचा भाव विचारला. इकडे सरांनी वायर उपटली. पेटीचे पंखे थांबले.

"मानांग, ऐकताय ना?" नोनोय.

"ऐकतेय. लुबाडतोयस, तेही ऐकतेय."

सरांनी बोलणं तुटायची वाट पाहिली, मग दुसरा फोन उचलला, नंबर फिरवला. अर्ध्या मिनिटात राखीव भावानं काम हाती घेतलं, पलीकडे घंटी वाजली. त्यांनी फोन खाली ठेवला. "पेटी राहू दे. काम तुमच्याकडेच. पण मग मंगळवारी काय झालं?"

"भाऊ एकाच होडीत बसले होते, सर."

"बसवले कुणी?"

मी तोंड उघडलं. मानांगनी माझ्या पायावर पाय दिला. "होडी माझी, सर."

आमच्या खोलीचा कायदा आहे: जो फोन बंद पाडेल, त्यानं सगळ्यांना ला पाझच्या बाजारात बाचोय खिलवायचं. शनिवारी मानांगनी खिलवलं. गरम रश्श्यातल्या शेवयांची दोन वाडगी मी निर्लज्जासारखी संपवली, वर त्या म्हणाल्या, "खा, वाळलायस."

तेव्हापासून दर शनिवारी विचारतो, "मानांग, आज माझ्याकडून?"

"आज नको. बाचोयातलं नळीचं हाड संपलं असेल."

परवा मी दुकानात आधीच विचारून आलो. हाड होतं. मानांग म्हणाल्या, पोट भरलंय.