कांद्याच्या चाळीतल्या गाड्या

बंद पडलेली गाडी दिसली आणि ती घरी न्यावीशी वाटली नाही, असा दिवस माझ्या मामेसासऱ्यांच्या आयुष्यात कधी उगवला नसावा. निमोण्याला त्यांची चांगली बागायत, भावकीत मान, सोसायटीच्या निवडणुकीत शब्दाला वजन. पण वस्तीवर पहिल्यांदा येणाऱ्याच्या डोळ्यांत भरायच्या त्या गाड्याच. कांदा साठवायला बांधलेल्या चाळीत गाड्या, चिंचेखाली गाड्या, गोठ्याच्या पडवीत एक, आणि एक तर विहिरीच्या वाटेवर, जिथं तिनं मान टाकली तिथंच. प्रत्येकीला आधीच्या मालकाची ओळख चिकटलेली. एक 'डॉक्टर', एक 'हेडमास्तर', आणि शिरूरच्या एका निवृत्त पाळकांकडून आणलेली पांढरी, ती 'पाद्रीबाबा'. त्यामुळं त्यांच्याकडं जेवायला बसलं की "डॉक्टरांचं पोट उघडून ठेवलंय, अंधारात अडखळू नका" किंवा "हेडमास्तरांचा गिअरबॉक्स काडून पाद्रीबाबाला बसिवला" असं काहीबाही कानावर येई, आणि नवखा पाहुणा घास हातात धरून आमच्या तोंडाकडं बघत राही.

हा सगळा खटाटोप शर्यतीसाठी होता. सरळ रस्ता, पाव मैल अंतर, दोन गाड्या शेजारीशेजारी उभ्या करायच्या आणि आधी पोचेल ती जिंकली. ही ड्रॅग रेस मामांनी कधीतरी मोबाइलवर पाहिली आणि ते तिथंच अडकले. "आपल्या बैलगाड्यासारखंच हाय जावईबापू," ते मला समजावत, "फकस्त बैलांला पेट्रोल पाजायचं." पण एकही गाडी शर्यतीपर्यंत पोचत नसे. पहिलीला दुसरीचा भाग लागे, आणि तो काढला की दुसरीसाठी तिसरी आणावी लागे. मामी म्हणत, "अवो, येक तरी पुरी करा." त्यावर मामांचं उत्तर ठरलेलं, "ही पुरी करायलाच तर ती आणलीया."

गाडी आणायला मुहूर्त लागत नसे. यवतला भाच्याचं लग्न होतं. अक्षता पडल्या, पंगती बसल्या, आणि मामा गायब. शोधल्यावर मंगल कार्यालयामागच्या बाभळीत सापडले, फेटा काखेत आणि डोकं कुणाच्या तरी मोडक्या गाडीच्या बॉनेटखाली. तासाभरात सौदा झाला. आमच्या जीपला दोर बांधून गाडी टोचन करून न्यायची ठरली, आणि मागच्या गाडीचं स्टेअरिंग धरायला बसल्या पैठणी नेसलेल्या मामी. त्यांना हे नवं नव्हतं. वस्तीवरची जवळजवळ प्रत्येक गाडी त्यांनीच अशी मागून सांभाळत आणलेली. पोलिसांनी अडवायला नको म्हणून मामांनी त्यांना लायसनही काढून दिलं होतं. "सरळ धर, बाकी काय करू नगं," एवढीच मामांची सूचना. मामींनी नाकातली नथ काढून माझ्या बायकोकडं दिली आणि काच खाली केली. निमोण्यापर्यंत दोर एकदाही ढिला पडला नाही.

पुढं कांद्याच्या एका हंगामात मामींनी निर्वाणीचं सांगितलं, की यंदा चाळीत कांदा राहील नाहीतर गाड्या. मग मामा खरोखर कामाला लागले आणि पाद्रीबाबा पुरा झाला. दौंडकडं एका बंद कारखान्याच्या आवारात हौशी पोरांनी रीतसर परवानगी काढून शर्यत ठेवली होती. आम्ही सगळे गेलो. पण गाडी चालवणाऱ्यांना आधी खरेखुरे डॉक्टर तपासत होते, आणि मामांचा रक्तदाब आनंदानंच इतका चढलेला, की त्यांना गाडीत बसू देईनात. मामा हेल्मेट मांडीवर ठेवून खुर्चीवर बसले. त्यांचा असा चेहरा मी कधी पाहिला नव्हता. मामींनी त्यांच्याकडं एकदा बघितलं आणि त्या आयोजकांना म्हणाल्या, "लायसन माझ्याकडं बी हाय. सरळच जायाचंय ना?"

पदर हेल्मेटच्या आत घ्यायचा की बाहेर, यावर जरा चर्चा झाली. मग झेंडा पडला. शेजारच्या लाल गाडीतला पुण्याचा तरुण कुठल्या कुठं निघून गेला, आणि त्याच्या धुळीत पाद्रीबाबा खोकत, थरथरत, पण रेघ मारल्यासारखा सरळ जाऊन टोकाला पोचला. मामा उभे होते. दंडाला बांधलेला रक्तदाब मोजायचा पट्टा तसाच, त्याची नळी लोंबत होती, आणि डोळे भरून आले होते. मामी परत आल्या, हेल्मेट काढलं आणि म्हणाल्या, "यवढ्यासाठी माझी चाळ अडिवली व्हय?" मग जरा हळू आवाजात, "परत येकदा जाता येतं का?"

त्यानंतर दोनेक वर्षांनी मामांची छाती दुखायला लागली. मुलीनं दोघांना पुण्याला नेलं, शेत पुतण्याकडं गेलं. गाड्या मामांनी भंगारात घातल्या नाहीत. दुरुस्त करीन म्हणेल त्याला एकेक देत गेले. परवा मी त्यांना भेटायला गेलो. त्यांनी पाऊसपाणी विचारलं, म्हशी विचारल्या. निघताना नको म्हटलं तरी मला पोचवायला खाली आले. पार्किंगमध्ये धुतलेल्या, चकचकीत गाड्या ओळीनं उभ्या होत्या. मामा एकेकीच्या बॉनेटवर हात ठेवत सावकाश चालले. शेवटच्या गाडीपाशी थांबले.

"समद्या चालत्यात हो जावईबापू," ते म्हणाले. "हितं माझं काय काम?"