मामाची सरळ रेघ

नामदेवमामा आमच्या नंदनवन वस्तीतल्या घरी आला की चहाआधी कुंड्या उलथवून पाहायचा. आई, त्याची थोरली बहीण, ओरडायची, "नामा, जरा माणसांकडं पाह्य ना!"

"माणसं कुठी जातेत, अक्का? गोगलगाय सरकून राहिली."

मामा कॉलेजात गणित शिकवायचा. सक्करदऱ्याच्या तळ्याकाठी मोठी शंखी गोगलगाय दिसली, तेव्हापासून दर पावसाळ्यात तिनं किती मुलूख व्यापला हे तो नकाशावर मांडत होता. त्या क्षेत्रफळाचं वर्गमूळ काढून वर्षांपुढे ठिपके द्यायचे. "सरळ रेघ येते पाह्य. वाढव तिले, म्हणजे कोणत्या साली कुठी पोचते ते समजते." त्याला काळजी रामटेकची होती. तिथं धाकट्या भावाचा, गणूमामाचा, पानमळा होता.

एका पावसाळ्यात मामाचा गुडघा सुजला. मी नुकताच लग्न झालेला, नोकरी नसलेला. त्यानं मला सायकल आणि अठरा गावांची यादी दिली. "जिथं नसंल तिथलं 'नाही' बी डोळ्यानं पाहून लिही गा. न पाहता लिहिलेलं 'नाही' लय वाईट."

चौथ्या गावात माझी सासुरवाडी होती. तिथल्या पुरणपोळीपुढे गणित टिकलं नाही. उरलेल्या चौदा गावांपुढे मी ओसरीवर लोळत सुवाच्य अक्षरात 'नाही' लिहिलं.

मामाची रेघ वाकली. आठवडाभर त्यानं ती तपासली. माझ्यावर मात्र शंका घेतली नाही. मग दुखऱ्या गुडघ्यानं रामटेकला जाऊन भावाला म्हणाला, "गण्या, गोगलगाय अडवाले मळ्याभोवती चुना टाकू नको. थांबली ते."

पुढच्या श्रावणात नागवेलींचे नुसते दांडे उरले. गणूमामा एवढंच बोलला, "दादा, तुह्या कागदानं माहा मळा खाल्ला." त्यानंतर दोघं बोलले नाहीत.

"गणित चुकलं गा माहं," मामा मला म्हणाला.

"चालायचंच, मामा," मी त्याचं सांत्वन केलं. सांत्वन करण्यात मी पहिल्यापासून हुशार.

पुढं मामा आला की मुकाट चहा प्यायचा. कुंड्यांना हात लावत नसे. आईला तो सुधारला असं वाटायचं.

तो गेला. तेराव्यानंतर मी त्याची वही काढली, माझं वर्ष खोडलं आणि आधीच्या ठिपक्यांवर फूटपट्टी ठेवली. रेघ सरळ गेली, नेमकी त्याच श्रावणात रामटेकला.

दर दिवाळीला मी ती वही पिशवीत घालून गणूमामाकडं जातो. तो माझ्यापुढं विडा ठेवतो, बाजारातून विकत आणलेल्या पानाचा. मी खातो, छान लागला म्हणतो आणि वही तशीच परत आणतो.