आठ वर्षांचा पुरातन मासा

रुपराव ठवकर जुन्या वास्तूंच्या खात्यात ओव्हरसियर होते. म्हणजे नंदनवन वस्तीच्या पलीकडल्या पायविहिरीत बसून डुलक्या काढणे ही त्यांची सरकारी नोकरी होती, असे त्यांच्या पत्नीचे, प्रमोदिनीबाईंचे मत होते. ते अगदीच चूक नव्हते. डबा खाऊन झाला की रुपराव सातव्या पायरीवर टेकत. खालून गारवा येई, कबुतरे घुमत, पाण्यावरचा उजेड कमानीवर हलू लागे आणि अर्धवट मिटल्या डोळ्यांपुढून भोसल्यांच्या वेळच्या बायका तांब्याच्या घागरी घेऊन उतरू लागत. रुपराव अंग चोरून त्यांना वाट देत.

"त्यातली एखादी भांडे घासाले येत असन तं विचारून पाहा," प्रमोदिनीबाई म्हणायच्या.

त्या कमानीवर एक दगडी मासा होता. शेपटी किंचित वळवलेला, आत्ताच पाण्यातून उसळल्यासारखा. उजेड हलला की तोही हले, आणि रुपराव दुसरीकडे पाहत. कारण मासा खोटा होता.

सत्तर साली कमानीचा एक दगड निखळला. खात्याचा नियम सरळ होता. नवा दगड बसवा, पण तो नवा दिसला पाहिजे. त्याने जुन्याचे सोंग घेऊ नये. रुपरावांनी लहानू पाथरवटाला साधा चौकोनी दगड सांगितला. लहानूने मासा आणला.

"हे काय गा?"

"कोरा दगड घडवाले हात धजत नाही साहेब. लाज वाटते."

रुपराव परत पाठवणार होते. पण त्यांनी माशाकडे पाहिले आणि तिथेच घात झाला. लहानूने वर ताक-शेणाचा हात फिरवला, दोन पावसाळ्यांत शेवाळ धरले आणि मासा दोनशे वर्षांचा झाला. रुपरावांनी नोंदवहीत लिहिले : 'दगड एक, बदलला.' त्यात खोटे काहीच नव्हते. म्हणून तर ते आठ वर्षे टोचत होते.

अठ्ठ्याहत्तरच्या डिसेंबरात मुंबईहून खात्याचे मार्तंडसाहेब आले. विहीर संरक्षित यादीत घ्यायची की बुजवून तिथे बाजाराचे गाळे बांधू द्यायचे, हे त्यांच्या एका सहीवर होते. साहेबांनी पायऱ्या पाहिल्या, 'हं' म्हणाले. कोनाडे पाहिले, 'हं' म्हणाले. रुपरावांना त्या प्रत्येक 'हं'मध्ये एकेक गाळा उभा राहताना दिसला. मग साहेब कमानीखाली आले आणि थबकले.

"वा! असा मासा विदर्भात दुसरा नाही. एवढ्यासाठीच विहीर यादीत घालतो."

साहेबांनी पेनाचे टोपण काढले. सोबत आलेला लहानू मागून पुटपुटला, "चूप राहा जी. तुमचं तोंड उघडलं का विहीर गेलीच समजा."

रुपरावांनी विहिरीकडे पाहिले. बोललो तर ही जाते. नाही बोललो तर राहते, पण हिच्याविषयी आपण पुढे सांगू ते सगळेच 'दगड एक, बदलला'सारखे अर्धे खरे होऊन बसते. घागरीवाल्या बायकाही पायरीवर थांबून आपल्याकडे बघत आहेत, असे त्यांना वाटले.

"साहेब, हा मासा आठ वर्षांचा आहे. यानं घडवला."

टोपण पुन्हा बसले.

"नोंदीत तसं लिहिलंय?"

"दगड बदलला, इतकंच. मासा नाही लिहिला."

"का?"

"सुंदर होता, साहेब."

साहेबांनी पेन खिशाला लावले. म्हणाले, "बाकी काय काय खोटं आहे, तेही दाखवा."

रुपराव त्यांना पायरी-पायरीने खाली घेऊन गेले. हा दगड मूळचा, हा सांधा आमचा, ही भेग पासष्टची, इथे घागरी ठेवून ठेवून खळगा पडलाय. सूर्य कलला, बासष्ट पायऱ्या संपल्या. पाण्याशी साहेब त्या खळग्यात तळवा ठेवून बसले. पुरातत्त्वातला माणूस इतका वेळ न बोलता बसला म्हणजे त्याला एक तर मळमळते आहे किंवा आनंद झाला आहे. सुदैवाने आनंद होता.

"मासा यादीत जाणार नाही," ते उठून म्हणाले. "विहीर जाईल, या खळग्यासाठी. माशाखाली त्याचं साल कोरा. आणि ठवकर, तुम्हाला ठपक्याचं पत्र येईल."

"येऊ द्या," रुपराव म्हणाले, आणि खळग्याकडे असे बघत राहिले, जणू ठपका नव्हे, लग्नाची पत्रिकाच येणार होती.

साहेबांची जीप गेल्यावर लहानू फुरंगटून बसला. "दोनशे वर्साचा होता माहा मासा. एका बोलण्यात आठ वर्साचा केला तुम्ही."

"साल कोरून दे आता."

"कोरतो. पण नुसतं साल काहून? माहं नाव बी घालीन. खोटं तं नाही ना ते?"

हुकमात नाव नव्हते. रुपरावांनी थोडा विचार केला.

"घाल," ते म्हणाले, आणि पायरीवर नोंदवही उघडून माशाचे शेपटीपासून डोळ्यापर्यंत सविस्तर वर्णन लिहायला बसले. पान भरले, तरी खवले उरलेच होते.