थोरल्या दिरापुढं पाय

आईचा गुडघा बदलला त्याला तीन महिने होत आले, तरी पाय सरळ होत नव्हता. वाकायचा बऱ्यापैकी. पण पलंगावर लांब केला की गुडघ्याखाली पोकळी राहायची. मी त्या पोकळीत बोटं घालून मोजायचे. चार बोटं, एकावर एक, अलगद आत जायची. उभी राहिली की त्या पायाची टाच जमिनीला टेकायची नाही. अंगणात चालताना एका बाजूला खड्डाच आहे, असं वाटायचं.

चूक आमचीच होती. दवाखान्यातून आणल्यावर आम्ही तिच्या गुडघ्याखाली उशी दिली. दुखत्या पायाला उशी द्यायची नाही तर काय द्यायचं? बघायला येणारे म्हणायचे, पोरीनं लई निगा राखली. मंचरची फिजिओथेरपिस्ट माझ्याच वयाची. उशीचं ऐकून ती म्हणाली, "उशी आजपासून फक्त डोक्याखाली." पाय जिथे उशीवर पडून राहिला होता तिथेच तो आखडला होता.

डॉक्टर म्हणाले, महिनाभर बघू. नाहीच झाला सरळ, तर परत भूल देऊन ऑपरेशनच्या टेबलावर घ्यावं लागेल.

"त्या टेबलावर मी परत चढायची न्हाई," आई म्हणाली. "लिवून घ्या."

डॉक्टरांनी लिहून दिलं ते स्प्लिंट.

मांडीला दोन पट्टे, पोटरीला दोन, दोन्ही बाजूंनी धातूच्या पट्ट्या आणि गुडघ्याशेजारी एक चकती. पट्टे आवळायचे, चकती थोडी फिरवायची, पाय ओढला जाईल तेवढीच. पाच मिनिटं थांबायचं. ओढ सवयीची झाली की परत थोडी फिरवायची. असा अर्धा तास, दिवसातून तीन वेळा. मध्येच सोडलं तर तेवढी मेहनत वाया. आईनं पहिल्याच दिवशी त्याचं नाव पिंजरा ठेवलं. आमच्याकडे बिबट्यासाठी लावतात तो. शेजारची बाई दारातूनच विचारायची, "काय गं, सापडला का बिबट्या?" आई आतून ओरडायची, "सापडलाय, पण लई वरडतोय!"

मी अवसरी खुर्दला कॉलेजच्या प्रयोगशाळेत काम करते. तिथली सवय म्हणून वहीत वेळा लिहून ठेवायचे. किती वाजता लावलं, किती वाजता काढलं. दहा दिवसांनी वही वाचली तेव्हा लक्षात आलं, पूर्ण अर्धा तास फार थोड्या वेळा झाला होता. बाकी ठिकाणी आठ मिनिटं, बारा मिनिटं, सहा. आणि त्या प्रत्येक वेळी पुढे मी माझ्याच हातानं लिहिलेलं होतं : पाहुणे.

माणूस आलं की आई पिंजरा काढायची. पाय ओढून घ्यायची, साडी नीट करायची, गुडघा पोटाशी धरून बसायची. आलेल्या माणसाकडे तळपाय करून कसं बसायचं? पलंग बाहेरच्या खोलीत, पाय दाराकडे. मी तो फिरवून पाहिला, तर पाय देव्हाऱ्याकडे झाले. आईनं दोन मिनिटांत परत होता तसा करायला लावला.

मी तिला वही दाखवली.

"मग काय करू?" ती म्हणाली. "लोकांच्या तोंडावर पाय करून बसू?"

"परत टेबलावर चढायचंय का?"

तिनं वही मिटून माझ्या हातात दिली. खरं तर आलेल्या माणसाला 'थांबा, आई पाय मागे घेणार नाही' असं मीच सांगायला हवं होतं. पण कुणी आलं की मी पाणी द्यायचे आणि आतल्या खोलीत जाऊन दारामागे उभी राहायचे. लहानपणापासून हेच. इंग्रजी शाळेमुळे माझी मराठी पुस्तकी होती, आणि मी बोलले की लोक हसू दाबायचे. न बोलणं सोपं होतं.

त्याला एक अपवाद होता. माझे थोरले चुलते, तात्या. त्यांची मेंढरं अजून आहेत, गावाच्या कडेला ती कोंडायचं वाडगं आहे. आई त्यांच्याशी थेट बोलत नाही. थोरल्या दिराशी बोलायचं नाही, अशी आमच्याकडची जुनी रीत. त्यामुळे दोघंही एकाच खोलीत बसून माझ्यातर्फे बोलायचे. "त्यांना इचार, च्या घेणार का." "आईला सांग, साखर कमी." मी सांगायचे. दोघांनी आधीच ऐकलेलं असायचं, तरी मी सांगायचे. माझं स्वतःचं असं एक वाक्य मी तात्यांशी कधी बोलले नव्हते.

त्या रविवारी दुपारी मी चकती तिसऱ्यांदा फिरवली होती. आईच्या कपाळावर घाम होता आणि दात आवळलेले होते. तेवढ्यात फरशीवर काठी वाजली आणि दारात खोकल्याचा आवाज आला. तात्या.

आईचा हात पट्ट्याकडे गेला. मी सवयीनं आत जायला उठले. मग ती माझ्याकडे बघत राहिली, आणि मी तिच्याकडे. वही खिडकीत उघडीच होती. तिनं पट्ट्यावरचा हात उचलला, आणि त्याच हातानं पदर कपाळापर्यंत ओढून घेतला.

"त्यांना सांग," ती म्हणाली, "पदर घेतलाय. पाय न्हाई घेणार."

तात्या चार पावलांवर उभे होते. त्यांनी ऐकलं होतं. पण रीतीप्रमाणे त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी काय सांगते म्हणून. आत जायचं दार माझ्या पाठीमागे होतं.

"तात्या," मी म्हणाले, "आईला पाय मागे घेता येणार नाही. अजून पंधरा मिनिटं आहेत. तुम्ही बसा."

ते बसले. आईचा तळपाय बरोबर त्यांच्या समोर होता. भेगाळलेली टाच, बोटांत जोडवी. ते कॅलेंडरकडे बघत राहिले. मग स्प्लिंटकडे.

"कोकराचा पाय मोडला की आमी बी कामट्या बांधतो," ते मला म्हणाले. "पण मंग हात लावत न्हाई. तू मधी मधी काय फिरवतीयास?"

"मोडलेला नाही, तात्या. आखडलाय."

"मंग जोर लावून सरळ हुईल?"

"थोडा थोडा लावला तर होईल."

त्यांनी मान हलवली. पटल्यासारखी की तोडल्यासारखी, कळलं नाही. "च्या नको," म्हणाले आणि उठले. पाच मिनिटंही बसले नाहीत. काठीचा आवाज अंगण संपेपर्यंत ऐकू आला.

"गेले?" आईनं विचारलं.

"गेले."

"फिरव."

दुसऱ्या दिवशी काकू आली, तात्यांची बायको. आई तिला आक्का म्हणते. पिंजरा लावलेलाच होता.

"ऐकलं ते खरं म्हनायचं," काकू उभ्यानंच म्हणाली. "दिरापुढं पाय पसरलास म्हनं. आमी इतकी वरसं काढली ह्या घरात, पण असलं न्हाई बया केलं."

"पसरला," आई म्हणाली. "तीन बोटांवर आलाय. घाला हात, आक्का, बघा."

"मला काय करायचंय बघून!"

"घाला तर. पोरीची बोटं बारीक हायेत, तिचा हिशेब मला खरा वाटत न्हाई."

काकूनं आधी माझ्याकडे, मग दाराकडे पाहिलं. मग पिशवी खाली ठेवून खरंच आईच्या गुडघ्याखाली बोटं घातली. तीन गेली. चौथं अडकलं. ते तिनं दोनदा करून पाहिलं.

"अडकतंय," ती म्हणाली, आणि लगेच आठवून परत चेहरा कडक केला.

गावात बोलणं झालंच. नळावर, किराणाच्या दुकानात, शेतात वडिलांपाशी. वडील कुणी आलं की पाहुण्याची खुर्ची उशाकडे ओढायला लागले. माणूस बसला तर उशाशी बसायचा, नाही तर पायाशी. पिंजरा निघाला नाही. दारात उभं राहून "आईला अर्धा तास पाय हलवता येणार नाही" हे वाक्य मी इतक्या वेळा म्हटलं की माझी पुस्तकी मराठी ऐकून हसणं लोकांनीच सोडलं. मी दारामागे गेले नाही. चकतीपाशी कुणीतरी लागायचंच.

महिन्यानं डॉक्टरांनी आईला तपासायच्या टेबलावर झोपवून गुडघ्याखाली स्वतःचा हात घालून पाहिला. बोटाएवढी पोकळी उरली होती. "भूल नको," ते म्हणाले. "स्प्लिंट आता फक्त झोपताना." आई टेबलावरून उतरली ती माझा खांदा न धरता, आणि मला म्हणाली, "सांगितलं व्हतं न्हवं, त्या टेबलावर परत चढायची न्हाई."

आता दिवसा पिंजऱ्याची गरज नाही. पण फाटकावर नावं ठेवणाऱ्यांचे ठरावीक दोन-तीन आवाज आले की आई हळूच म्हणते, "आण गं तो." मी पट्टे बांधते. चकती फिरवत नाही. ती पाय पसरून बसते आणि गोड आवाजात म्हणते, "या, बसा."

तात्या मात्र त्या रविवारनंतर घरात आले नव्हते. अंगणातूनच वडिलांशी बोलून जायचे.

"येत न्हाईत तर नको येऊ देत," एके दिवशी आई म्हणाली. "मी जाते चालत."

आम्ही गेलो. रस्ता कच्चा. मी तिच्या मागून चालत होते, मुद्दाम. धुळीत तिच्या पावलांचे ठसे उमटत होते आणि दोन्ही पायांच्या टाचा दिसत होत्या. तात्या वाडग्यात मेंढीचे खूर बघत बसले होते. आम्हाला बघून उठले नाहीत. आईनं पदर घेतला.

तात्यांनी मेंढी सोडून दिली, हात धोतराला पुसले आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "आईला इचार, किती बोटं ऱ्हायली?"

मी तोंड उघडलं, तोवर आईच म्हणाली, "एक."