पहिला घाव

सुनेने बाजारातून भोपळ्याच्या बियांचं पाकीट आणलं आहे. सोललेल्या, हिरव्या, गुळगुळीत बिया. तब्येतीला चांगल्या असतात म्हणे. सकाळी तिने त्या तव्यावर टाकल्या, आणि त्या खमंग वासाने मला आधी भूक लागली, मग राग आला. साठ-पासष्ट वर्षं झाली, हा राग काही निवत नाही.

आमचं गाव म्हसळ्याकडचं, भातशेतीचं. देश स्वतंत्र होऊन चार-सहा वर्षं झाली असतील. बापये मुंबईला, शिमग्या-गणपतीला येणारे; गाव बायकाच चालवायच्या. आमच्या घरात आई, माझी विधवा काकू आणि आम्ही मुलं. गोठ्याच्या छपरावर चढणारा लाल भोपळ्याचा वेल काकूचा, बी तिच्या माहेरचं. नवरा गेला तेव्हा बाकी सगळं अंगावरून उतरवून घेतलं गेलं, हे बी तेवढं राहिलं. दरवर्षी टपोऱ्या बिया ती राखेत घोळवून फडक्यात बांधायची आणि उरलेल्या बिया खापरात जाड मीठ टाकून आम्हांला भाजून द्यायची. त्या तडतडल्या की आम्ही बोटं भाजून घ्यायचो, पण दम धरायचो नाही.

वेल लावायचा बाईने, पाणी घालायचं बाईने, पण अख्ख्या भोपळ्यावर पहिला घाव घालायचा बापयाने. बाईने घातला तर घरातल्या मुलावर येतं. हे कुणी ठरवलं देव जाणे; ठरवणाऱ्याने कधी घागरभर पाणी वाहिलं नसणार.

त्या वर्षी उंदरांनी फडकं कुरतडलं. वाचलेल्या बियांतून एकच वेल जगला आणि त्याला एकच भोपळा धरला. उतरवून ठेवला, तर थोड्याच दिवसांत देठाजवळ मऊ पडला. वडील मुंबईला. शेजारच्या म्हाताऱ्या बुवांना निरोप धाडला, ते म्हणाले उद्या येतो. दुसऱ्या दिवशीही उद्याच. तिसऱ्या दिवशी काकूने कोयता घेतला, आणि मी, दहा वर्षांची शहाणी, धावत जाऊन आईला सांगितलं. मला कुणी विचारलं होतं?

आईने काकूच्या हातातून कोयता काढून घेतला. तीन मुलींवर झालेला माझा भाऊ आईच्या कडेवर होता.

"माज्या म्हायेरचं बी हाय, जाऊबाय. कुजंल ते," काकू म्हणाली.

"माजा एकच पोर हाय," आई म्हणाली.

बुवा आठ दिवसांनी आले. एका घावात भोपळा उघडला आणि काळं पाणी अंगणात सांडलं. बियांचा चिखल झाला होता. नाकाला धोतराचा सोगा लावून बुवा म्हणाले, "आदी सांगायचं व्हतं ना, बायांनू."

काकूने शेण-पाण्याने अंगण सारवून घेतलं. पुन्हा तिने वेल लावला नाही, आणि खापर कधी चुलीवर चढलं नाही. आईला मी दोष देत नाही. भीती तिची होती, पण तिच्यात पेरली दुसऱ्यांनी. बुवांना देते. मला स्वतःला तर रोज देते.

लग्न झाल्यापासून माझ्या घरातला प्रत्येक भोपळा मी स्वतः फोडला आहे, घरात बापये असताना, त्यांच्या देखत. थोरला मुलगा धडधाकट आहे. भाऊही सत्तरीला टेकलाय, परवाच येऊन दोन वाट्या भाजी खाऊन गेला. कुणाला काही झालं नाही. जे व्हायचं ते काकूच्या बियाण्याला झालं.