जीपखालचा डाग

बूचमास्तर हे काही त्याचं खरं नाव नव्हे, पण खरं नाव आता बहुधा त्याच्या बायकोलाच आठवत असावं. गाडी कुठून गळते ते हुडकायचं आणि गळती बंद करायची, यात त्याची उभी हयात गेली. थेंब बोटावर घ्यायचा, चोळायचा, हुंगायचा आणि गाडीखाली सरकायचं. बाकी कामं त्याची बेताचीच. त्याने बसवलेलं दार पहिल्या फटक्यात कधी लागलं नाही. पण ‘सापडत नाही’ हे शब्द त्याने आजवर कुणासमोर काढले नव्हते, आणि त्याचा त्याला भलताच तोरा होता. शेजारचा पंक्चरवाला म्हणायचा, हा गडी स्वर्गात गेला तरी आधी ढगाखाली वाकून बघेल.

म्हणून तर सख्ख्या भावाच्या जीपने त्याचं नाक कापावं, हे त्याला फार लागलं.

दादा त्याच्याहून बराच मोठा. वडील लवकर गेले तेव्हा दादाने शाळा सोडली, लोकांच्या गाड्या चालवल्या आणि याला लहानाचा मोठा केला. पुढे शाळेची बस चालवता चालवता निवृत्त झाला आणि ही जीप घेतली. जीप भंगारच्या वाटेवरची, पण दादा स्टीअरिंगमागे बसला की पुन्हा तिशीत जायचा.

पहिली गळती खरीच होती. इंजिनच्या माथ्यावरच्या झाकणाचं पॅकिंग कडक होऊन तडकलं होतं आणि तेल ओघळत खाली येत होतं. जुन्या गाडीचं पॅकिंग लवकर मिळेना, त्यामुळे जीप आठवडाभर गॅरेजातच राहिली. नवं पॅकिंग घातलं, ऑइल बदललं, जीप घरी गेली. दोन दिवस जातात न जातात तोच दादाचा फोन, की खाली पुन्हा डाग पडलाय.

त्याने ऑइल काढायच्या बोल्टचा वॉशर बदलला. पुन्हा डाग. मग गिअरबॉक्स खाली उतरवून मागचं सील नवं टाकलं. त्या कामाने त्याची कंबर धरली ती धरलीच. पुन्हा डाग. डिपस्टिक बघावी तर ऑइल होतं तिथेच, जराही कमी नाही. तेल बाहेर पडतंय आणि आतलं घटत नाही, हे काय गौडबंगाल? बरं, डाग प्रत्यक्ष बघावा तर तीही सोय नाही. दादा टापटिपीचा माणूस. हा पोचेपर्यंत भुसा टाकून जागा झाडून मोकळा व्हायचा.

बूचमास्तरचं डोकं पार चक्रावलं. जेवताना घास हातात धरून बसू लागला. आपले हात गेले की काय, अशी भीती त्याला पहिल्यांदाच वाटली. बायकोने विचारलं तर तिच्यावरच खेकसला.

शेवटी त्याने हुकमी उपाय काढला. दादाच्या अंगणातच इंजिन धुऊन कोरडं केलं, त्यावर अंगाला लावायची पावडर भुरभुरली आणि खाली पत्र्याचा ट्रे सरकवला. तेल जिथून निघेल तिथे पावडरीवर ओघळ उमटणार. ट्रेला मी येईपर्यंत हात लावायचा नाही, असं दादाला बजावलं.

सकाळी येऊन बघतो तर ट्रेमध्ये तेल, आणि वर पावडर जशीच्या तशी. एक रेघ नाही. शिवाय तेल ट्रेच्या मध्ये नव्हतं. घराच्या दाराकडच्या कडेला होतं, थोडं बाहेरही सांडलेलं. त्याने बोट बुडवलं. पाण्यासारखं नितळ, पातळ. हे इंजिनचं नव्हेच. हुंगलं. वास ओळखीचा, अगदी जवळचा, पण आठवेना. तो तसाच बोट नाकाशी धरून उकिडवा बसून राहिला. मान खाली घातली तर तोच वास छातीपाशी आला. अंगातल्या शर्टाचा फाटलेला खिसा वहिनींनी परवाच शिवून दिला होता.

त्याने वर पाहिलं. खिडकीत वहिनींचं शिवणाचं मशीन होतं आणि मशीनवर तेलाची कुपी. वहिनी दारात उभ्या होत्या.

त्याच्या अंगाचा तिळपापड झाला. गिअरबॉक्स उतरवला होता त्याने, या कुपीपायी!

“वहिनी, तुम्ही?”

“हळू बोला. हे आत दाढी करताहेत.” वहिनी पायरीवर बसल्या. “गाडी तुमच्याकडे होती ना, तेवढा आठवडा मी शांत झोपले, भाऊजी.”

त्याला काही समजेना. मग त्यांनी सांगितलं. त्याआधी एकदा दोघं त्यांच्या बहिणीकडून परत येत होती. चौकातल्या गोल चक्कराला दादा वळसे घालत राहिला, एक झाला, दुसरा झाला, थांबेचना. मागचे हॉर्न वाजवत होते. घर डावीकडे आहे, असं वहिनी म्हणाल्या.

“तर मला विचारतात, कुणाचं घर?”

डॉक्टरचं नाव काढलं की दादा दोन दिवस अन्नाला शिवत नव्हता. गाडी सोडा म्हणायची तर वहिनींची जीभ रेटत नव्हती. गळकी गाडी मात्र दादा कधी रस्त्यावर काढायचा नाही, बसच्या दिवसांपासूनचा नेम. तेवढाच त्यांना आधार सापडला होता.

बूचमास्तरचा राग कुठल्या कुठे गेला. ज्याने याला सायकलपासून जीपपर्यंत सगळं शिकवलं, त्याला घर सापडत नव्हतं.

इतक्यात दादा बाहेर आला. अर्ध्या गालावर साबण तसाच होता.

“काय रे, कळलं का?”

बूचमास्तरने ट्रे उचलला, तेल भुशात ओतलं, हात पुसले. मग पुन्हा पुसले.

“नाही दादा. मला सापडत नाही.”

दादा त्याच्याकडे बघत राहिला. मग जवळ आला आणि लहानपणी ठेवायचा तसा त्याच्या मानेवर हात ठेवला.

“होतं रे असं. वय झालं तुझं.” त्याने खिशातून किल्ली काढून धाकट्याच्या हातात दिली. “ठेव तुझ्याकडे. सापडेल तेव्हा सापडेल, मला घाई नाही. आणि हे बाहेर कुणाला बोलू नकोस. मीही नाही सांगणार.”

बूचमास्तरने किल्ली शिवलेल्या खिशात टाकली. त्याला मान वर करवेना, आणि दादाने त्याची कीव येऊन नजर दुसरीकडे वळवली.